गाडी लागेपर्यंतची गाणी

आमच्या रेडिओ केंद्रावर कोणती गाणी वाजवली म्हणजे जाहिराती मिळतील, हे ठरवायला मी माझ्या साडूला नेमलं. नेमणूक मीच केली, आणि ती करताना मला ताप वगैरे काही नव्हता. सावित्रीच्या काठापासून आंबेनळीच्या वळणांपर्यंत, म्हणजे महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी संगीतातलं इतकं कमी कळणारा आणि त्याविषयी इतक्या ठामपणे बोलणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. पण साडू हे नातंच तसं अवघड. सख्ख्या भावाला तोंडावर नाही म्हणता येतं. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हटलं की तो नकार दोन स्वयंपाकघरांतून फिरत, वाटेत तिखटमीठ घेत, शेवटी आपल्याच ताटात येऊन पडतो. शिवाय माझा साडू नकार ऐकतच नाही. ‘नाही’ म्हटलं की त्याला वाटतं, समोरच्याला नीट ऐकू गेलं नाही, आणि तो तेच पुन्हा मोठ्याने सांगतो.

मोठ्याने सांगणं हा त्याचा धंदाच होता. सगळी नोकरी त्याने महाडच्या बसस्टँडवर काढली. लाकडी खुर्ची, जाळीची खिडकी, समोर माइक, आणि जाळीच्या पलीकडे पिशव्या, कोंबड्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, परीक्षेला निघालेली मुलं आणि औषधाला निघालेले म्हातारे असा सगळा मुलूख. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती लागणार आहे आणि कोणती आज लागण्याची आशा सोडावी, हे सांगायचं त्याचं काम. आवाज असा की देवाने घंटेसाठी धातू ओतायला घेतला असावा आणि मध्येच तो संपल्यावर उरलेल्या जागी पत्रा भरला असावा. निवृत्त झाला तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. माइक तेवढा तिथेच राहिला. त्याने तो मागून पाहिला होता असं म्हणतात. मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर त्याने पोलादपूरच्या आपल्या घराचा स्टँड केला. माझी मेहुणी चुलीवरून भाकरी उतरवते न उतरवते तोच हा मधल्या दारात उभा राहून घरभर सांगायचा, ‘नाचणीची भाकरी ताटाला लागलेली आहे. कालवण काही कारणास्तव उशिरा येईल.’ दाराशी कोणी आलं की आत बायकोला हाक मारून न सांगता जाहीरच करायचा, ‘महाडहून आलेले पाहुणे पायरीपाशी उभे आहेत, संबंधितांनी नोंद घ्यावी.’ संबंधित म्हणजे माझी मेहुणी. ती आधी हसली, मग चिडली आणि शेवटी एकदा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, ‘भावोजी, ह्यांना कुठेतरी बोलायला न्या. भिंतीशी बोलले तरी चालेल, फक्त ती भिंत माझी नको.’

भिंत माझ्याकडे होती. महाडातल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी मुलं बेडकं फाडायची त्या खोलीला गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकून संस्थेने रेडिओ केंद्र काढलं होतं, आणि मास्तरकीतून मोकळा झालेला रिकामा माणूस म्हणून मला त्याचा केंद्रप्रमुख केलं होतं. आमचा आवाज उमरठपर्यंत पोचतो असं आम्ही उद्घाटनाला सांगितलं. प्रत्यक्षात तो पोलादपूरपर्यंत कसाबसा जायचा आणि पुढे एखाद्या डोंगराला टेकून बसायचा. गाण्यांची निवड सुरुवातीला माझीच होती. लोकांची अभिरुची घडवायची, असा माझा संकल्प. मी सकाळी विलंबित ख्याल लावायचो आणि संध्याकाळी त्याहून विलंबित. तो सगळा खात्रीने ऐकणारा एकच श्रोता होता, आमचा शिपाई, कारण त्याला खोली सोडून जायची परवानगी नव्हती. माझ्या कारकिर्दीत केंद्राला एक जाहिरात मिळाली, तीही माझ्या दातांच्या डॉक्टरांची. मी खुर्चीत आ वासून पडलेलो असताना संगीताचं महत्त्व सांगायला लागलो, तेव्हा काम पुढे सरकावं म्हणून त्यांनी घाईने होकार दिला.

शेवटी संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. ते मोजकं बोलणारे गृहस्थ. दसऱ्यापर्यंत केंद्राने आपल्या विजेचा खर्च आपण भागवावा, नाहीतर त्या खोलीत संस्था मोडकी बाकं ठेवील, असं त्यांनी सांगितलं आणि चहा मागवला नाही. त्याच संध्याकाळी मी साडूला नेमलं. बुडणारा माणूस काडीला धरतो म्हणतात. मी ओंडक्याला मिठी मारली.

पहिल्या दिवशी त्याला माइक देऊन पाहिला. ही माझी घोडचूक. त्याने घसा साफ केला, माइकवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावं.’ पुढे तो श्रोत्यांना नमस्कार करणार होता, पण तेवढ्यात व्हायचं ते होऊन गेलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात आमचा रेडिओ लागलेला होता. तो आवाज ऐकताच अर्धं हॉटेल ताटलीतली मिसळ सोडून उठलं, पिशव्या उचलल्या आणि रस्ता ओलांडून धावलं. एक आजी तर समोर दिसेल त्या गाडीत चढल्या आणि त्यांना फाट्यावरून उतरवून आणावं लागलं. पैसे न देता गिऱ्हाईक पळाल्याबद्दल हॉटेलवाला मला फोनवर जे बोलला ते रेडिओवर सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून मी साडूला माइकबंदी केली. तू गाणी निवड, बोलायचं मी बघतो, असं त्याला सांगितलं. त्याने माइकवर खिशातली दस्ती झाकली आणि तो गाण्यांच्या कपाटाकडे वळला. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

गाणी निवडण्याचं त्याचं शास्त्र आगळंच होतं. राग, ताल, गायक, भाषा असल्या गोष्टी त्याच्या दृष्टीने गाडीच्या रंगासारख्या; त्यावरून ती कुठे जाते ते कळत नाही. जगातल्या सगळ्या संगीताचे त्याने दोन भाग केले होते, बसती गाणी आणि उठती गाणी. जे ऐकून माणूस टेकतो ते बसतं, जे ऐकून पाय हलायला लागतात ते उठतं. ‘साडूभाऊ,’ तो मला समजावी, ‘गाणं कानाने ऐकायचं नसतं. ऐकणाऱ्याचे पाय बघायचे.’ त्यासाठी तो बाजारपेठेत दुकानांच्या वळचणीला छत्री टेकून तासन्तास उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे इतक्या एकाग्रतेने बघायचा की एका चप्पलवाल्याने त्याला आत बोलावून माप घेतलं.

या शास्त्रावर त्याने पहिला धंदा आणला, तोही एकदम दोन दुकानांचा. एक हॉटेल आणि त्याला लागून एक साड्यांचं दुकान. हॉटेलवाल्याला पटवलं की जलद गाणी लावली की माणूस चहा भराभर पितो, उठतो, आणि टेबल मोकळं होतं. साडीवाल्याला पटवलं की संथ गाणी लावली की बायका बसून राहतात आणि आणखी एक थप्पी उलगडायला सांगतात. दोघांनाही पटलं, दोघांनीही जाहिरात दिली. दोघांच्या मध्ये एकच भिंत आहे आणि केंद्रावर एका वेळी एकच गाणं लागतं, एवढी बारीक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मग साडूने एक जलद, एक संथ अशी पाळी लावली. परिणाम असा की साडीच्या दुकानात बायका बसायच्या आणि साडी अंगावर टाकून बघायच्या वेळी उठून जायच्या. आणि हॉटेलात एका जुन्या विरहगीताने एक म्हातारा असा काही बसला की कपाचा तळ कोरडा झाला तरी डोळे ओलेच. हॉटेलवाला त्याला हाकलू शकेना, कारण तो रडत होता. साडूने मात्र त्याच्या पायांकडे बोट दाखवून मला अभिमानाने सांगितलं, ‘बघा, एक पाऊल हललेलं नाही.’ आठवडा संपायच्या आत दोन्ही जाहिराती गेल्या.

मग त्याला घाटाचं वेड लागलं. आंबेनळीतून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांतली माणसं हे आपलं खरं गिऱ्हाईक, असं त्याने ठरवलं. वळणावळणाला आवाज जातो आणि येतो हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारी गाणी लावायची, म्हणजे मधलं गेलं तरी ऐकणाऱ्याचं नुकसान नाही. हा सिद्धांत तपासायला तो कानाशी रेडिओ धरून स्वतः घाटात गेला. पोलादपूर सुटल्यावर थोड्याच वेळात आमचं केंद्र जे बुडालं ते वर आलंच नाही. हा मात्र ते पुढच्या वळणावर येईल, पुढच्या वळणावर येईल म्हणून कानाला खरखर लावून, डोळे मिटून बसला, आणि त्याला गाडी लागली. आयुष्यभर दुसऱ्यांना गाडी लागल्याचं सांगणाऱ्या माणसाला ती अशा रीतीने लागावी, याचं मला हसू आवरेना. परत आल्यावर लिंबू चोखत तो एवढंच म्हणाला, ‘घाटाचा विचार तूर्त रद्द करण्यात आलेला आहे.’

श्रावण सरला, भाद्रपद तोंडावर आला, दसरा दिसायला लागला. अध्यक्ष जिन्यात भेटले की माझ्याकडे न बघता खोलीच्या दाराची रुंदी बघत. बाकं आत जातील की नाही याचा हिशेब चाललेला असावा. आणि अशा वेळी साडूला जाखडी सुचली. गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, वाडीवाडीत जाखडीचे नाच होतात, बाहेर पाऊस असला तरी घरात ढोलकी असते. तर संध्याकाळी तेच लावायचं. मी नाक मुरडलं, पण माझ्या नाकाला आता कोणी विचारत नव्हतं. साडूने ओळखीपाळखीतून गावोगावच्या शाहिरांची रेकॉर्डिंग मिळवली, आणि खरोखर चमत्कार झाला. भांड्यांचं दुकान आलं, फर्निचरवाला आला, भाताची गिरणी आली. विजेचा खर्च निघण्याची चिन्हं दिसायला लागली. साडू पायांकडे बघणं सोडून माणसांच्या तोंडाकडे बघायला लागला.

ते सगळं मी कसं घालवलं ते आता सांगतो. जाखडीत दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एका पक्षाचा शाहीर गाण्यातून कोडं घालतो, दुसऱ्याने ते गाण्यातूनच सोडवायचं. सोडवून झालं की त्याने आपलं कोडं घालायचं. उत्तर आलं नाही तर तो पक्ष हरला. आमच्याकडे माणूस एक वेळ आपला पक्ष विधानसभेला बदलील, पण बाप शक्तीवाला असला तर लेक तुरेवाला होत नाही. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मास्तरला नव्हतं. मला ते सगळं ढोलकी आणि घुंगरू, एवढंच ऐकू यायचं. आणि आमच्या संगणकाला मी स्वतः शिस्त लावून ठेवली होती की सातच्या ठोक्याला काय चालू असेल ते बंद करून शेतकऱ्यांसाठी माहिती सुरू करायची. त्या संध्याकाळी तुरेवाल्या शाहिराने आवाज चढवून सवाल टाकला, ‘लेकीच्या पोटी आई जन्मली, सांग शक्तीवाल्या ती कोण?’ ढोलकी थांबली. सात वाजले. आणि केंद्रातून एक गंभीर आवाज म्हणाला, ‘तपकिरी तुडतुडे.’

पुढे त्या किडीचा बंदोबस्त कसा करावा हे सविस्तर सांगितलेलं होतं, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही. तुरेवाल्यांच्या वाड्यांत लोक हसून लोळले. शक्तीवाल्यांना वाटलं, शिक्षणसंस्थेने रेडिओवरून आपल्याला किडा म्हटलं. त्या रात्री मला इतके फोन आले की मी तो डाळीच्या डब्यात ठेवला. सकाळी मी सगळं निस्तरायचं म्हणून माइकसमोर बसलो आणि माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणालो, ‘श्रोतेहो, शक्ती काय आणि तुरा काय, आम्हाला दोन्ही सारखेच.’ रागावायचे राहिलेले तुरेवाले त्या वाक्यासरशी रागावले. दुपारपर्यंत फर्निचरवाला गेला, कारण तो शक्तीवाला; भांडीवाला गेला, कारण तो तुरेवाला; आणि गिरणीवाल्याचा बाप एका पक्षात नि सासरा दुसऱ्या, म्हणून घरात शांतता राहावी यासाठी तोही गेला. अध्यक्षांनी निरोप पाठवला की बाकं आणायला दसऱ्यापर्यंत थांबण्याची गरज दिसत नाही, उद्याच टेम्पो सांगतो. साडूने निरोप ऐकला, रेकॉर्डिंगं नीट रचून ठेवली आणि पहिल्यांदाच असं झालं की तो काहीच मोठ्याने बोलला नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वरंधच्या खालच्या एका गावचा म्हातारा शक्तीवाला शाहीर, डोक्याला फेटा, हातात मिटलेली ओली छत्री, मागे चार धिप्पाड माणसं. दारात उभं राहून त्याने शांतपणे विचारलं, ‘मास्तर कोन रे तुमच्यात?’ मी साडूकडे बोट दाखवलं. नाती अशा वेळेसाठीच जोडलेली असतात.

साडू उठला आणि म्हणाला, ‘बोला. काय म्हणणं आहे?’

म्हाताऱ्याची मान एकदम वाकडी झाली. तो कान देऊन बघत राहिला. ‘पुन्ना बोला.’

‘काय म्हणणं आहे आपलं?’

‘तुमी गाडी सांगायचात नव्हं? पाच मिन्टात वरंधची गाडी लागंल म्हनायचात.’

‘म्हणायचो.’

‘आमची तरनीताठी वर्सं गेली त्या पाच मिन्टात,’ म्हातारा मागच्या माणसांना सांगायला लागला. ‘कंदी लागली नाय येळंवर. घाटात दरड हाय, धुकं हाय, ह्यांचं आपलं पाच मिन्टं. पन उठून नाय कोन गेला. आमची मंडळी मला तितंच गावली, फलाटावर. तीबी त्याच गाडीची वाट बगत व्हती.’

चारही माणसं हसली नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. मग म्हाताऱ्याने मुद्द्याला हात घातला. उत्तर त्याच्याकडे होतं, तपकिरी तुडतुडे हे ते उत्तर नव्हतं, आणि त्याला ते आत्ता, इथून, सगळ्या मुलखाला ऐकवायचं होतं. अडचण एकच, ढोलकी गावाला राहिली होती, कारण येताना त्याचा विचार गाण्याचा नव्हता. माझं काय करायचा विचार होता ते मी विचारलं नाही.

साडूने माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी नव्हे, मी वाटेत बसलो होतो. मी सरकलो. त्याने माइकवरची दस्ती काढली, घडी करून खिशात ठेवली, दोनदा टकटक केलं. ‘श्रोत्यांनी लक्ष द्यावं. शक्तीवाल्यांचं उत्तर महाड केंद्रात आलेलं आहे. ढोलकी वरंधच्या खालून निघालेली आहे. पाच मिनिटांत कार्यक्रम लागेल. कोणीही जागा सोडू नये.’ आणि एक बसतं गाणं लावलं.

ढोलकी निघालेली नव्हती. ती आणायला माणूस नुकता जिना उतरत होता. पण पुढे जे झालं ते मी खिडकीतून आपल्या डोळ्यांनी पाहिलं. त्या आवाजावर मुलखात एकाही माणसाचा विश्वास नव्हता, आणि तरी बाजारपेठेतला एकही माणूस जागचा हलला नाही. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर टेकले. हॉटेलवाल्याने रेडिओ बाहेर फळीवर आणून ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. साडू गाणं लावायचा, संपलं की सांगायचा, ‘ढोलकी बिरवाडीला थांबलेली आहे, पावसामुळे.’ पुन्हा गाणं. ‘ढोलकी बिरवाडीहून सुटलेली आहे.’ ढोलकीबरोबर बसून आल्यासारखं तो सांगत होता. कोणाचे नातेवाईक नालासोपाऱ्यात राहतात, कोणाचे घाटकोपरला. त्यांना फोन लावून लोकांनी तो रेडिओला चिकटवून धरला, आणि तिकडेही माणसं ढोलकी कुठवर आली म्हणून कामाला जायची थांबली. साडूला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि धंद्यातलं त्याहून कमी. त्याला येत होतं ते एकच: माणसाला थांबवून धरायचं. गाडी येईलच असं नाही, पण दुसरं वाहन धरून जाऊ नये इतपत. आणि थांबलेला माणूस, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावं लागत नाही, काहीतरी विकत घेतोच.

ढोलकी आली तेव्हा बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा गोणपाटावर मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि त्याने उत्तर गायलं. दाणा आई, रोप लेक. आणि आज शिवारात भात पोटरीला आलंय, बघ रे तुरेवाल्या, लेकीच्या पोटी आई जन्माला येतेय. ऐकणारा प्रत्येक जण नुकताच ते पोटात लोंबी धरलेलं, पोटरीतलं भात बांधावरून बघून आला होता. मलासुद्धा पहिल्यांदाच ढोलकीपलीकडचं काही ऐकू आलं. मग म्हाताऱ्याने डोळे उघडून तुरेवाल्यांना आपलं कोडं घातलं, आणि त्याचा शेवटचा शब्द विरतो न विरतो तोच साडू माइकमध्ये म्हणाला, ‘तुरेवाल्यांचं उत्तर उद्या याच वेळी लागेल. श्रोत्यांनी नोंद घ्यावी.’

तेच आमच्या केंद्राचं सूत्र झालं. रोज एक उत्तर, रोज एक कोडं, आणि मधल्या वेळात वाट बघायला लावणारी गाणी. फर्निचरवाला शक्तीवाल्यांच्या उत्तराला आपली जाहिरात लावायला परत आला. ते ऐकून भांडीवाला तुरेवाल्यांच्या उत्तरासाठी आला, आणि गिरणीवाल्याने बापाकडची एक नि सासऱ्याकडची एक अशा दोन दिल्या. अध्यक्षांनी टेम्पो पुढे ढकलला, मग रद्द केला. दसऱ्याच्या दिवशी ते वर येऊन केंद्राच्या दाराला तोरण बांधून गेले, आणि बाकं जिन्याखालीच राहिली. मी भाषण तयार केलं होतं. ते ऐकायला वेळ नाही म्हणाले.

दिवाळी उरकल्यावर मी पेढे घेऊन पोलादपूरला साडूकडे गेलो. दुपारची वेळ. तो पडवीतल्या खाटेवर झोपला होता, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. मेहुणी शेजारी बसून भिजवलेले वाल सोलत होती. तिने तोंडावर बोट ठेवून मला बसायला खुणावलं. घसा बसलाय, म्हणाली; रोज तिकडे ओरडून येतात. डॉक्टरांनी दिवसभर गप्प राहायला सांगितलंय, तर सगळा आवाज संध्याकाळसाठी राखून ठेवतात. घरी नुसत्या खुणा. पाण्याला अंगठा, मिठाला चिमूट.

‘मग आता तू सुखी,’ मी म्हटलं.

ती सोलता सोलता म्हणाली, ‘घर फार मोठं वाटतं हो. संध्याकाळी रेडिओ लावून बसते. इथे खरखर जास्त नि हे कमी. त्या खिडकीच्या कोपऱ्यात धरला की जरा नीट लागतं.’ वालाचं एक साल बोटाला चिकटलं होतं, ते तिने पदराला पुसलं. ‘हाताला रग लागते, पण धरते.’

खाटेवर साडूने कूस बदलली. ओठ हलले, पण आवाज आला नाही. झोपेतही राखूनच ठेवत असावा. आवाज म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, एका घरातला आवाज दोन तालुक्यांचा होतो तेव्हा त्या घराला काय द्यावं लागतं, असं बरंच काही मनात दाटून आलं आणि मी ते सविस्तर बोलायला लागलो. माझं ‘तर सांगायचा मुद्दा असा’ झालं, तेव्हा मेहुणीने मान वर केली.

‘भावोजी,’ ती म्हणाली, ‘डॉक्टरांनी चुकीच्या माणसाला गप्प बसवलं.’